ऐंशी डबे आणि दीड पान

ॲसिडकाकांच्या अंगावर धड शर्ट कुणी पाहिला नव्हता. नवा शर्ट आला की आठ दिवसांत त्याच्या पोटावर बारीक भोकं पडायची आणि महिनाभरात ती एकमेकांना जाऊन मिळायची. "मी कपडे धुते कुठे? चाळण्या धुते," असं त्यांची बायको शेजारणीला सांगायची.

बॅटऱ्या दुरुस्त करायचं आणि चार्ज करून द्यायचं त्यांचं दुकान मोठ्या रस्त्याच्या वळणावर होतं. दहा फूट बाय बारा फूट. अडतीस वर्षं तीच जागा, तोच लाकडी बाक आणि तोच आंबूस वास. गिऱ्हाईक गाडीतली बॅटरी आणून आदळायचं आणि म्हणायचं, "मेली." काका म्हणायचे, "मेली की झोपली, ते बघू." मग ते तळहात बॅटरीच्या कुशीला लावून थोडा वेळ गप्प उभे राहायचे. नंतर सहाही झाकणं उघडून प्रत्येक सेलमधलं ॲसिड काचेच्या नळीत ओढून त्याची घनता बघायचे आणि आकडे खडूने बॅटरीच्या अंगावर लिहायचे. शेवटी चिठ्ठी. त्या चिठ्ठीत आधी धड असलेले सेल, मग बिघडलेले. हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही.

"काका, आधी वाईट सांगून टाका ना," असं एखादा उतावळा म्हणे.

"वाईट ऐकलं की पुढचं चांगलं कुणी ऐकत नाही. आधी काय उरलंय ते कळू दे, मग काय गेलंय ते."

"आणि तोंडाने सांगायला काय होतं?"

"तोंडाचं काय, आज एक, उद्या दुसरं. चिठ्ठीत आहे ते वाचा."

चिठ्ठीवर त्यांचा असा विश्वास होता. एकदा कागदावर लिहून दिलं की काम संपलं. मग समोरचा कितीही हुज्जत घालो, काका बाकावर बसून हात पुसत राहायचे.

त्यांना एकच मुलगी. तिचं घर दुकानापासून अर्ध्या तासाच्या चालीवर, एका सखल वस्तीत होतं. तिथे पूर्वी विटांसाठी माती काढत, त्यामुळे जमीन परातीसारखी खोलगट झालेली. एकशे चाळीस घरं आणि आत जायला एकच रस्ता. तो शेवटच्या घराच्या भिंतीला जाऊन थांबायचा. मुलीचं घर शेवटून तिसरं.

त्या रस्त्याच्या तोंडाशी, वीज उपकेंद्राच्या कुंपणाला लागून, अकरा एकर पडीक जमीन होती. मार्च महिन्यात तिथे पत्र्याचा फलक लागला. दिवसा जास्तीची वीज साठवायची आणि संध्याकाळी ती शहराला द्यायची, यासाठी एक कंपनी तिथे बॅटऱ्यांनी भरलेले ऐंशी कंटेनर ठेवणार होती. हरकती असतील तर जूनच्या सुनावणीत मांडा, असं खाली बारीक अक्षरात होतं. कंटेनर हा शब्द आठवडाभर टिकला. मग सगळे नुसतं 'डबे' म्हणू लागले. डबे येणार. डबे येऊ द्यायचे नाहीत.

वस्तीची समिती झाली आणि काकांचे जावई तिचे चिटणीस झाले. ते शिकवणी वर्गात इतिहास शिकवायचे. वाणी अशी की लढाईचं वर्णन सुरू झालं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करायची. पण इतिहास शिकवणाऱ्याला एक खोड लागते. प्रत्येक गोष्टीत त्याला एक रणांगण लागतं.

एका रविवारी सकाळी ते पत्रकांचा गठ्ठा घेऊन दुकानात आले. पत्रकावर छत्रीच्या आकाराचा भलामोठा ढग होता आणि खाली लाल अक्षरात 'एका क्षणात वस्ती बेचिराख!'

"हे कुणी काढलं?" काकांनी विचारलं.

"मी. बोलकं झालंय ना?"

"ओरडकं झालंय."

"मामा, सुनावणीत तुम्ही आमचे तज्ज्ञ. मी तुमचं नाव देऊन आलोय."

"अहो, मी शिशाच्या बॅटऱ्यांचा माणूस. ही लिथियमची जात निराळी."

"बॅटरी ती बॅटरी."

"कात्री ती कात्री म्हणून न्हाव्याकडे कोट शिवायला टाकाल का?"

जावई हसले, पण नाव काही मागे घेतलं नाही. जावयाला तोंडावर नाही म्हणणं काकांना जमण्यातलं नव्हतं. लेक दिलेली. ते म्हणाले, "बरं. पण हात लावून बघितल्याशिवाय मी बोलणार नाही."

आणि ते खरोखर बघायला गेले. असलेच डबे दोन वर्षांपूर्वी जिथे बसवले होते, त्या गावी पाच तास बसने. आत कुणी सोडलं नाही. मग काका तिथल्या अग्निशमन केंद्रात जाऊन बसले. आदल्या वर्षी तिथला एक डबा पेटला होता आणि तो विझवायला गेलेला बंबचालक त्यांना भेटला. दोघेही हाताने काम करणारे, त्यामुळे पाच मिनिटांत सूत जुळलं.

"फुटला का हो?" काकांनी विचारलं.

"फुटला कसला! धुमसला. एक सेल तापला की शेजारच्याला तापवतो, तो त्याच्या शेजारच्याला. तीस तास पाणी मारत होतो आम्ही. आग आतल्या आत, आपण बाहेरून डब्याला आंघोळ घालायची."

"आणि धूर?"

"धुराचंच भ्यायचं. गार झाला की खाली बसतो. खोलगट जागेत तर साचतोच. आमच्याकडे सगळं उघडं माळरान, म्हणून निभावलं."

घरी येऊन बायकोला काकांनी एवढंच सांगितलं, "पोरीचं घर परातीच्या तळाला आहे."

पुढचे चार दिवस दोघं नवराबायको टेप घेऊन वस्तीच्या रस्त्यावर. टेपचं एक टोक काकूंच्या हातात.

"अहो, लोक हसताहेत. म्हणताहेत, म्हातारा-म्हातारी रस्ता विकत घेताहेत."

"हसू दे. ताण जरा, सैल पडलाय."

"टेप सैल पडलाय की मी, ते बघा आधी."

रस्ता सर्वांत अरुंद जागी अकरा फूट भरला. कोपऱ्यावरच्या वळणात बंब एका दमात वळणार नव्हता. आगीसाठी पाण्याचा नळ एकच, आणि तो नेमका डब्यांच्या कुंपणाच्या आत जाणार होता. डब्यांना आग लागली तर एकशे चाळीस घरांनी बाहेर पडायचं कुठून? त्या धुरातूनच. म्हणजे मागणी सरळ होती. वस्तीच्या मागच्या बाजूने दुसरा रस्ता काढा, पाण्याची वेगळी टाकी बांधा, आणि ते होईपर्यंत एकही डबा आणू नका.

काकांचं अक्षर खडूपुरतं बरं, म्हणून काकूंनी कागद उतरवून दिला. दीड पान. शेवटी रस्त्याचा नकाशा, मापांसकट. आणि क्रम तोच, अडतीस वर्षांचा. पहिलं वाक्य असं होतं : 'या बॅटऱ्यांच्या स्फोटाने वस्ती उडून जाईल हे खरे नाही, पत्रकातील चित्र चुकीचे आहे.' त्यानंतर : 'खरा धोका पुढीलप्रमाणे.'

काकू लिहिता लिहिता थांबल्या. "हे पहिलंच कशाला? शेवटी टाकू या."

"नको. आधी धड काय ते. नाहीतर पुढच्यावर कोण विश्वास ठेवील?"

सगळ्यांच्या हरकती एकत्र करून कचेरीत द्यायचं काम चिटणिसांचं होतं. सुनावणीच्या तीन दिवस आधी, शुक्रवारी, काकांनी तो कागद जावयांच्या हातात दिला. काकू शेजारीच उभ्या होत्या.

सुनावणी सोमवारी, नगरपालिकेच्या सभागृहात. अध्यक्षस्थानी एक चष्मेवाले अधिकारी. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं, टेबलावर घंटी. काकांचं नाव पुकारलं तेव्हा ते नवा शर्ट सावरत उठले.

अधिकाऱ्यांनी पत्रक हातात धरून दाखवलं. "तुम्ही समितीचे बॅटरीतज्ज्ञ ना? यात म्हटलंय की स्फोट होऊन अख्खी वस्ती बेचिराख होईल. होईल का?"

"नाही साहेब. तसा स्फोट होणार नाही."

कंपनीच्या रांगेत खुर्च्या करकरल्या.

"पण..." काकांनी सुरुवात केली.

"तुमचं लेखी निवेदन दिलंय ना?"

"हो साहेब. दीड पान आहे. नकाशासकट."

"मग बाकीचं मी त्यात वाचेन. अजून बोलायचंय का? वेळ आहे तुमच्याकडे."

काकांनी क्षणभर विचार केला. कागदावर सगळं होतं. मापं होती, तास होते, बंबचालकाचं म्हणणं होतं. तोंडाने सांगायला गेलो तर एखादा आकडा चुकायचा. "नाही साहेब, त्यात सगळं आहे," असं म्हणून ते बसले. अडीच मिनिटं शिल्लक होती. आपण नीट काम केलं, असंच त्यांना वाटत होतं. तिसऱ्या रांगेत जावई मान खाली घालून बसले होते, तिकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात निकाल आला. डब्यांना मंजुरी. कारणांमध्ये चौथ्या क्रमांकावर लिहिलं होतं की हरकतदारांच्या स्वतःच्या तज्ज्ञाने स्फोटाची शक्यता नाकारली असून अन्य कोणतीही तांत्रिक हरकत लेखी दाखल झालेली नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीने स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात दिली : 'तुमच्याच समितीचा अनुभवी जाणकार सांगतो, भीती नको.'

माणसं फिरायला किती वेळ लागतो? बॅटरी उतरायला त्याहून जास्त लागतो. वस्तीत काकांना पाहून दारं लोटली जाऊ लागली. ज्याच्या रिक्षाची बॅटरी त्यांनी तीनदा जिवंत केली होती, तो रिक्षावाला दुकानासमोर थांबून म्हणाला, "काय काका, कंपनीने तुम्हाला केवढी बॅटरी बसवून दिली? आयुष्यभर चालेल ना?" बाजूची दोघं खिदळली. काका म्हणाले, "माझा कागद वाचा, मग बोला." "कुठला कागद?" रिक्षावाल्याने विचारलं, आणि काकांनाही पहिल्यांदाच तोच प्रश्न पडला.

ते तडक कचेरीत गेले. आवक विभागातल्या कारकून बाईंनी नोंदवही काढून त्यांच्यासमोर धरली. शुक्रवारची नोंद होती, समितीकडून एकवीस निवेदनं. बाईंनी बोट ठेवून एकवीसही नावं वाचली. बेचिराख, बेचिराख, बेचिराख, सगळ्यांचा मजकूर जवळपास एकच. काकांचं नाव त्यात नव्हतं.

"आता देता येईल का?"

"निकालापासून तीस दिवसांत फेरविचाराचा अर्ज करता येतो," बाई म्हणाल्या. त्यांचा स्वर चांगला होता. "पण नवा कागद जोडायचा तर तो वेळेत का दिला नाही, याचं सबळ कारण लागतं. दुसऱ्या कुणी अडवून ठेवला असेल तर तसं त्याच्या सहीचं पत्र आणा. मग साहेब घेतील. घ्यावाच लागेल."

त्याच दुपारी काका मुलीच्या घरी गेले. मुलगी कामावर होती. जावई एकटेच, वह्या तपासत.

"जावईबापू, माझा कागद कुठाय?"

जावयांनी लाल पेनचं टोपण लावलं. खोटं बोलले नाहीत, एवढं मात्र खरं. उठून कपाटातल्या एका जाड पुस्तकातून घडी केलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. "फाडला नाही मी."

"दिला का नाहीत?"

"पहिली ओळ वाचली मामा. पहिल्याच ओळीत तुम्ही आमचं सगळं पत्रक खोटं पाडलंत. तो कागद गेला असता तर बाकी एकवीस जण हास्यास्पद ठरले असते."

"आणि खालचं? रस्ता? पाणी?"

"लोकांना स्फोट कळतो. रस्ता कुणाला कळतो? रस्त्यासाठी कुणी मोर्चात येत नाही. आणि मला काय माहीत, तुम्ही सभेत उठून तेच बोलाल!"

"विचारलं ते सांगितलं मी."

"तेच तर."

काकांनी कागद उलगडून नकाशा जागेवर आहे ना ते पाहिलं. मग म्हणाले, "अजून वेळ आहे. माझ्याकडून राहून गेला, एवढं दोन ओळीत लिहून सही द्या. कचेरी कागद घेते म्हणाली."

"आणि उद्या वस्ती मला काय म्हणेल? चिटणिसानेच घात केला? मामा, मला इथे राहायचंय. तुमच्या मुलीला राहायचंय. तिला यातलं काही माहीत नाही."

"तिला राहायचंय म्हणूनच मागतोय."

"मी सही करणार नाही. आणि तुम्ही माझं नाव घेतलंत तर मी म्हणेन, मामांनी कागद दिलाच नव्हता." एवढं बोलून ते रडायला लागले. चाळिशीचा माणूस टेबलावर डोकं ठेवून रडत होता आणि त्याच्या पाठीवर हात ठेवावा की नाही, हे ॲसिडकाकांना कळेना.

घरी काकू ऐकून ताडकन उठल्या. "मी होते तिथे! मी साक्ष देते. माझ्या हातचं अक्षर आहे."

"दे. मग पोरीला कुठल्या तोंडाने त्या घरात पाठवशील?"

काकू उभ्या होत्या तशाच खाली बसल्या. आपलेच दात, आपलेच ओठ. चावले तर ओरडायचं कुणापाशी?

आठ दिवस विचार करून काकांनी अर्ज लिहिला, या वेळी स्वतःच्या हाताने. 'निवेदन वेळेत तयार होते. परंतु वयोमानानुसार विस्मरण झाल्याने ते देण्याचे माझ्याकडून राहून गेले.' अडतीस वर्षांत त्यांनी चिठ्ठीवर लिहिलेली ही पहिली खोटी ओळ. निदान दीड पान आत तरी जाईल, रस्ता तरी कुणी वाचेल, असा त्यांचा हिशोब होता.

सप्टेंबरच्या सव्वीस तारखेला उत्तर आलं. विस्मरण हे सबळ कारण होत नाही, सबब अर्ज फेटाळण्यात येत आहे. निवेदन न उघडता सोबत परत.

उत्तराची एक प्रत समितीलाही गेली होती. संध्याकाळी मुलगी तावातावाने आली, मागे जावई. ती दारातूनच सुरू झाली.

"बाबा, एक कागद द्यायचा होता! एक! आई सांगते, तुम्ही पाच तास बसने गेलात, रस्ता मोजलात, आणि कागद विसरलात? आमची दोन लेकरं झोपतात त्या घरात!"

"हो गं. राहिलं."

"राहिलं काय! मला सांगायचं, मी नेऊन दिला असता. यांना सांगायचं. हे रोज कचेरीत खेपा घालत होते!"

काकू पदराचं टोक मुठीत धरून ओट्याकडे वळल्या. भांडं उगाचच घासलं गेलं. जावई भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत म्हणाले, "जाऊ दे ना. वय झालंय त्यांचं."

हे ऐकताच मुलीचा राग एकदम उतरला, आणि उतरला तो वाईट जागी जाऊन. ती काकांच्या पायाशी बसली, त्यांचे डागाळलेले हात तिने हातात घेतले. "किती दिवसांपासून होतंय असं? आधी का नाही बोललात? आणि तिकडे ॲसिडशी काम करताय! काही झालं म्हणजे?"

"अगं, मला काही..." काका म्हणाले आणि थांबले. काही होत नाही म्हणावं, तर कागद कुठे गेला?

"दुकान बंद करायचं. उद्याच. किल्ली द्या यांच्याकडे."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पाठ फिरवलेलीच होती. काकांनी कमरेची किल्ली सोडली. जावयांनी हात पुढे केला नाही, तेव्हा मुलीनेच ती घेऊन नवऱ्याच्या हातात ठेवली.

डिसेंबरपर्यंत डबे आले. पांढरे, स्वच्छ, ओळीत. दुकानाच्या जागी मोबाइल दुरुस्तीवाला बसला. मुलगी गुणाची. दर रविवारी येते, गोळ्यांचे खण भरून देते, डॉक्टरांनी स्मरणासाठी सांगितलेली कोडी काकांकडून सोडवून घेते. काका ती मुद्दाम थोडी चुकवतात. सगळी बरोबर आली तर ती पुन्हा विचार करायला लागेल, ही भीती.

गेल्या रविवारी तिने एक लहानसं कार्ड आणलं, प्लॅस्टिकमध्ये घातलेलं. बाबा बाहेर पडले आणि घर विसरले तर कुणीतरी आणून सोडावं म्हणून. वर पत्ता, खाली मुलीचा नंबर आणि मधे एक ओळ : 'यांना विस्मरणाचा त्रास आहे. कृपया मदत करावी.'

"नीट ठेवा हं बाबा. कायम खिशात."

काकांनी कार्ड डोळ्यांजवळ धरून वाचलं. अक्षर जावयांचं होतं, गोल आणि सुरेख, कुठे खाडाखोड नाही.

"ठेवतो," ते म्हणाले.